बेंझाइतेनच्या तळ्याकाठी

दसऱ्यानंतरच्या रविवारी टोकियोतल्या इनोकाशिरा पार्कात गेले होते. फिरायला नाही, निर्माल्य घेऊन. इथे पाटी नाही, म्हणून कोऱ्या कागदावर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली होती. बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू वाहिला होता. आपट्याची पानं नव्हतीच. आता हे सगळं टाकायचं कुठे? कचऱ्याच्या पिशवीत, मंगळवारच्या 'जळणाऱ्या कचऱ्या'त? हात धजावेना.

आणि सरस्वती तर इथे राहतेच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात आली आणि बेंझाइतेन झाली. वीणेच्या जागी बिवा आली, पण पाण्याशी असलेलं नातं तिने सोडलं नाही. तिची देवळं बहुतेक पाण्याकाठी. किचिजोजी स्टेशनपासून जेमतेम दहा मिनिटांवरच्या या तळ्यातही छोटा लाल पूल ओलांडला की तिचं लाल देऊळ आहे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा परक्या गावात अचानक मावशी भेटावी तसं झालं होतं. इथे एक समज आहे की जोडप्याने या तळ्यात नाव वल्हवली तर त्यांचं नातं तुटतं, कारण देवी मत्सर करते. हे मला मुळीच पटत नाही. आपली सरस्वती असं करणार नाही.

तर पुलाजवळ वाकून मी पुडी उघडली, तोच मागून अगदी हळू आवाजात 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', ऐकू आलं. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. त्यांनी आधी नमस्कार केला, पुडीकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी फुली केली. 'दामे', म्हणजे 'चालणार नाही', हा इथला शब्द फार छोटा आणि फार पक्का. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की ही देवाची फुलं आहेत. त्यांनी मान डोलावली. फुलं चांगली आहेत, म्हणाले, पण तळ्याला नकोत.

कानशिलं गरम झाली. खरं सांगते, रागही आला. पुण्यात मीही निर्माल्य कलशातच टाकते, नदीत नाही. इथे देवीच समोर होती म्हणून मन झालं, एवढंच. शिवाय पाण्याला आपण आई मानतो म्हणून त्याला देतो, घाण करावी म्हणून नाही. हे सगळं जपानीत सांगता येत नव्हतं, त्याचाच राग जास्त.

आजोबांनी मला बाकावर बसवलं आणि फोनवर फोटो दाखवले. हे तळं पूर्ण आटलेलं! नुसता चिखल आणि त्यात गुडघाभर रुतलेली माणसं. याला 'काइबोरी' म्हणतात. 2014 च्या जानेवारीत पंप लावून पहिल्यांदा तळं उपसलं, मग दर दोन वर्षांनी आणखी दोनदा. 1917 मध्ये खुल्या झालेल्या या बागेची शंभरी जवळ आली होती, ते निमित्त. पहिल्याच खेपेला तळातून 200 च्या आसपास सायकली निघाल्या. (हे ऐकून मला बरं वाटलं, लपवत नाही. यांनीही टाकलंच होतं की.) बाहेरून आणून सोडलेले मासे वेगळे काढले, इथले मूळचे जपले, तळ उन्हात सुकू दिला आणि पुन्हा पाणी भरलं. या कामात शेकडो साधी माणसं स्वतःहून उतरली होती. आजोबा त्यांतलेच.

मग त्यांनी फोनवर एका हिरव्या, केसांसारख्या पाणवनस्पतीचा फोटो उघडला आणि त्यांचा आवाज बदलला. 'इनोकाशिरा फुरासुकोमो'. 1957 मध्ये ती याच तळ्यात सापडली होती आणि पुढे पाणी गढूळ होत गेलं तशी नाहीशी झाली. दुसऱ्या उपशानंतर, 2016 मध्ये, ती आपसूक उगवून आली. जवळजवळ साठ वर्षं तिचे बीजाणू चिखलात पडून होते. आजोबा तो फोटो नातवाचा दाखवावा तसा दाखवत होते. माझा राग तिथेच उतरला.

पण सांगायलाच हवं की हे काम आपल्याला नवं नाही. काइबोरी ही मुळात शेतकऱ्यांची रीत, हिवाळ्यात शेतं रिकामी असताना गावतळं उपसायची. आमच्या गावी मे महिन्यात माझे आजोबा तळ्यातला गाळ बैलगाडीने शेतात नेत. आमच्याकडे उपसायला पंप लागत नव्हता, उन्हाळा होता. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. त्याच्या आधीपासून इनोकाशिराच्या तळ्याचं पाणी एदो शहर, म्हणजे जुनं टोकियो, पीत होतं. इथूनच कान्दा नावाची नदी निघते आणि 24.6 किलोमीटर वाहत सुमिदा नदीला मिळते. इथल्या झऱ्याच्या पाण्याचा चहा एदोचे पहिले शोगुन (लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासूंनी घेतला असं सांगतात, म्हणून त्याचं नाव 'ओचानोमिझु', चहाचं पाणी. आज तिथे जे वाहतं ते पंपाने जमिनीतून उपसलेलं. शहर वाढलं, भूजल उपसलं गेलं, झरे आटले. ते यांनाही राखता आले नाहीत.

तळ मात्र त्यांनी राखला. कात्रजच्या काठावर उभी राहून मी कधी कुणाला असं हळू आवाजात थांबवलं नव्हतं. पाहिलं होतं, नाक मुरडलं होतं आणि पुढे गेले होते.

निघताना आजोबांनी पुडीवरचा कागद बोटाने दाखवून विचारलं, हे काय? 'बेंझाइतेन,' मी म्हटलं. आकड्यांची ती आकृती ते बराच वेळ बघत राहिले. मग कागदाला हात न लावता त्यांनी मान लववली.

रात्री आईला फोन केला. 'अगं, कुंडीत घाल ना,' ती म्हणाली. झेंडू चुरून मातीत घातला. कागद मात्र मोडवेना, तो वहीत ठेवलाय.