नव्या पीसीची नोंद: जागा वाढवली आणि डिस्क हरवली

मागच्या नोंदीत मशीन सुरू झालं होतं. ५०० जीबीच्या एनव्हीएमईवर (मदरबोर्डवर थेट बसणारा वेगवान, न फिरणारा ड्राइव्ह) विंडोज, बाकीचं नंतर बघू. ते 'नंतर' तिसऱ्याच आठवड्यात आलं. मुळात विंडोज ५०० ला ४६५ दाखवतं (बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या), त्यात तीन गेम आणि फोटोंचा ढीग. पट्टी लाल.

घेतलं काय, तर फोटोंसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क आणि गेमसाठी १ टीबीचा दुसरा एनव्हीएमई. हार्ड डिस्कने जास्त डोकं खाल्लं. सीएमआर की एसएमआर (डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती), हे खोक्यावर सहसा नसतंच. एसएमआरमध्ये ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेघा) कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी बदल केला की शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. एकदा भरून ठेवायला ठीक. मी फोटो सारखे इकडचे तिकडे करतो, म्हणून डेटाशीट शोधून सीएमआर घेतली, तिच्यात ट्रॅक सुटे असतात. एनव्हीएमई साधा जेन ३ चा (पीसीआयई जोडणीची तिसरी पिढी), कागदावर सेकंदाला ३५०० एमबी. जेन ४ चे ७००० एमबी मला तरी गेम लोड होताना जाणवत नाहीत.

डिस्कसोबत साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आली नाही. सुटी डिस्क घेतली की बहुधा येतच नाही. जुन्या मशीनची काढून लावली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) निवडली, कारण जुनी एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. फोटो टाकले. झकास.

पुढच्या रविवारी एनव्हीएमई बसवला. तो लगेच दिसला आणि हार्ड डिस्क गायब! बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सेटिंग) नाही. केबल बदलली, पॉवरचा कनेक्टर बदलला, डिस्कला कान लावला, तर आत व्यवस्थित फिरतेय. फोटोंच्या विचाराने पोटात गोळा आला. तासाभराने मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात: दुसरा एम.२ स्लॉट (म्हणजे एनव्हीएमईची खाच) वापरल्यास साटा ५ आणि ६ बंद. माझी केबल ६ मध्ये, का तर तिथे ती सहज पोचत होती म्हणून.

२ मध्ये खोचली. डी ड्राइव्ह जसाच्या तसा परत.

पुढे एक्स्टर्नल डिस्क. फोटोंची एकच प्रत आहे, हे त्या तासाभरात फारच आठवत होतं.