सोपाऱ्याची माणसं इफेससच्या बंदरात

आईच्या ड्रेसवर १७ नंबरचा गोल स्टिकर चिकटवला तेव्हा ती म्हणाली, "हे काय, शाळेची सहल आहे का?" आणि खरं सांगायचं तर होतीच. सकाळचे पावणेसात, जहाजाच्या मोठ्या हॉलमध्ये तीन-चारशे माणसं आपापल्या रंगाचे आणि नंबरचे स्टिकर लावून बसलेली, कोणी झोपेत, कोणी ब्रेकफास्टमधून उचललेलं केळं खातंय, आणि माइकवरून एक बाई "१४ नंबर चला, १५ नंबर चला" करत होती. दादरला जलद आणि धीमीची अनाउन्समेंट एकाच वेळी ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण आई मात्र १६ झाल्या झाल्या उठून दाराशी जाऊन उभी राहिली. विरार लोकलमध्ये २२ वर्षं काढलीयेत तिने, नालासोपाऱ्याला चढायचं असेल तर आधीपासून पोझिशन घ्यावी लागते.

तर आम्ही दोघी मे महिन्यात त्या ग्रीक बेटांच्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. अथेन्सच्या पिरियस बंदरातून निघायचं, बेटं बघत फिरायचं आणि एका सकाळी तुर्कस्तानात कुशादासीला उतरायचं. बेटांबद्दल लिहीत नाही, पांढरी घरं आणि निळे घुमट सगळ्यांच्या डीपीत आहेतच. मला त्या तुर्कस्तानच्या सकाळीबद्दल लिहायचंय.

किनाऱ्यावरच्या सहली जहाजावर विकत मिळतात, आणि युरोचे रुपये करायचे नाहीत हे आमचं आधीच ठरलं होतं (आईने केले). आम्ही घेतली ती महागातली, इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष अधिक मारिया मातेचं घर, कारण नालासोपाऱ्याजवळच्या गास गावातल्या मावशी. मावशी म्हणजे आईची ट्रेनमधली मैत्रीण, लेडीज डब्यात वर्षानुवर्षं एकत्र भाजी निवडलेली. तिला कळलं की आम्ही तिकडे जातोय, तेव्हा तिने फक्त एवढंच सांगितलं, तिथल्या झऱ्याचं पाणी आण. बस्स. त्यामुळे आमची अख्खी सहल एका बाटलीभोवती फिरत होती.

ते घर डोंगरावर आहे, झाडीत, छोटंसं दगडी. येशूच्या आईने, मारियाने, शेवटची वर्षं इथे काढली अशी श्रद्धा आहे, आणि जर्मनीतल्या एका ननला झालेल्या दृष्टान्तांच्या वर्णनावरून १८९१ मध्ये ही जागा शोधली. पोपही येऊन गेलेत, पहिले १९६७ मध्ये. आत अर्धा मिनिट मिळतो, रांग पुढे सरकतच असते, बाहेर आल्यावर खाली नळ आहेत. आईने अर्ध्या लिटरची बाटली तीनदा विसळली, भरली, झाकणावर रबर लावला आणि पर्समध्ये चिवड्याच्या शेजारी उभी ठेवली. शेजारी एका भिंतीवर लोकांनी नवसाच्या चिठ्ठ्या आणि कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या, त्या बघून तिला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग इफेसस. बस वरच्या दरवाज्याला सोडते आणि खालच्या दरवाज्याला उचलते, म्हणजे सगळा उतार, गुडघेवाल्यांची सोय. पण रस्ता संगमरवरी, आणि शेकडो वर्षं माणसं चालून चालून इतका गुळगुळीत झालेला की पाऊस पडला तर काय होत असेल देव जाणे. आमची गाईड हातात १७ नंबरचा फलक उंच धरून पुढे आणि मागे आम्ही चाळीसएक जण, त्यात आई सगळ्यात मागे, कारण मांजरं. तिथे मांजरांचं राज्य आहे, हजारो वर्षांच्या तुटक्या खांबावर अंग चाटत बसलेली, आणि आई प्रत्येकीशी मराठीत बोलत होती.

सार्वजनिक संडास बघायला सगळ्यात जास्त गर्दी. संगमरवरी लांब बाक, त्याला ओळीने भोकं, खालून वाहत्या पाण्याचा पाट, मध्ये भिंत नाही की आडोसा नाही. लोकं बसून फोटो काढत होती. आईचं बालपण गिरगावच्या चाळीत गेलं, ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे कड्या तुटलेल्या होत्या, पण दरवाजे तरी होते गं."

तिथून वळलं की समोर सेल्ससची लायब्ररी. फोटोत कितीही वेळा बघितलेली असली तरी ती अंगावर येते. दोन मजली उंच दर्शनी भाग, आणि त्यात एक लबाडी आहे, मधले खांब बाजूच्यांपेक्षा मोठे केलेत म्हणजे इमारत आहे त्याहून मोठी वाटावी. आत हस्तलिखितांच्या साधारण १२,००० गुंडाळ्या मावायच्या म्हणे. दुसऱ्या शतकात एका मुलाने वडिलांच्या नावाने बांधली, आणि वडील खालीच पुरलेले आहेत. नंतर भूकंप आणि आगीत सगळं गेलं, आज दिसतो तो दर्शनी भाग ऑस्ट्रियन लोकांनी १९७० ते ७८ मध्ये पडलेले तुकडे जुळवून परत उभा केला, आणि कोनाड्यांतल्या चार बायका नकला आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नात. मी हे सगळं आईला समजावून सांगितलं तर तिचं लक्ष एकाच गोष्टीवर, की मुलाने बापाच्या नावाने वाचनालय काढलं. "आपल्याकडे फार तर पंख्यावर नाव घालतात." मला पात्यावर लाल रंगात लिहिलेलं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' डोळ्यासमोर आलं आणि मी जोरात हसले, गाईडने वळून बघितलं.

शेवटी थिएटर, २५,००० माणसं बसतील एवढं, डोंगराच्या कुशीत कोरल्यासारखं. त्याच्या पायथ्यापासून एक रुंद सरळ रस्ता निघतो, अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंना खांबांची खोडं, आणि पुढे काहीच नाही. गवत. झुडपं. गाईड म्हणाली हा बंदराचा रस्ता, इथे रात्री दिवे लागायचे, आणि तो जिथे संपतो तिथे जहाजं लागायची. नदी गाळ आणत राहिली, गाळ उपसत राहिले, पुन्हा भरला, होता होता समुद्र मागे गेला तो आता ५-६ किलोमीटर लांब आहे. बंदर गेलं, मग व्यापार गेला, मलेरिया आला, माणसं उठून गेली.

सगळे फोटो काढत होते. आई त्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे आपल्या सोपाऱ्यासारखंच."

मी खरंच एक क्षण गप्प. कारण मी नालासोपाऱ्यात जन्मले, आणि माझ्या लेखी नालासोपारा म्हणजे स्टेशन, गर्दी आणि 'अरे बापरे तिकडून येतेस?' हा ऑफिसमधला प्रश्न. पण शूर्पारक हे प्राचीन बंदर ते हेच. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीत आपल्या किनाऱ्यावरची बंदरं एकामागून एक येतात, त्यात सुप्पारा आहे आणि लगेच कल्लिएना (आपलं कल्याण), म्हणजे एक वेस्टर्नचं स्टेशन आणि एक सेंट्रलचं. १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी इथलं एक टेकाड खणलं, ज्याला गावातले बुरूड राजाचा कोट म्हणायचे, आणि तो निघाला बौद्ध स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, मग चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची, एकात एक. सोन्याची फुलं. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं, म्हणजे तिकडे तो मुलगा लायब्ररी बांधत होता ते आणि हे जवळपास एकाच शतकातलं. अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच वर्षी सापडला. आणि मग आपलीही खाडी गाळाने भरत गेली.

ती दगडी पेटी आणि डब्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, फोर्टला टाऊन हॉलमध्ये. माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. त्या पायऱ्यांवर बसून मी ११ वर्षं डबा खातेय.

परतीच्या वाटेवर बसने सगळ्यांना गालिच्याच्या दुकानात नेलं, जे सहलीच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, तिथे सफरचंदाचा चहा पाजून पाऊण तास दार अडवून गालिचे उलगडले. आईने चहा दोनदा घेतला, सतरा गालिच्यांचे भाव विचारले, एकही घेतला नाही. मला या प्रकारात तिच्याकडून अजून बरंच शिकायचंय. जहाज सुटायला वीस मिनिटं असताना आम्ही पोचलो.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी गासला मावशीकडे पाणी द्यायला निघालो. मावशीने बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली, मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलंच नाही. येताना आईने रिक्षा स्तूपाकडे वळवायला लावली. विटांचा ढीग, भोवती झाडं, सावलीत दोन मुलं मोबाइल घेऊन बसलेली, एक मांजर. फलक मी उभं राहून पूर्ण वाचला, पहिल्यांदाच.

आईने बाहेर येऊन रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, इथून समुद्र किती लांब?"

"समुद्र? कळंबला जावं लागेल काकू. आणि तिकडून भाडं मिळत नाही, रिटर्नचे पण द्यावे लागतील."

आई बसली आणि म्हणाली, "आधी किती ते सांग."