टाळ्यांवर चालणारे हात

‘कार वॉश’चं शीर्षकगीत मी चित्रपट पाहण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ऐकत होते. सुरुवातीच्या त्या टाळ्या, मग बेस, मग ग्वेन डिकीचा आवाज. माझ्यासाठी ते नाचायचं गाणं होतं. चित्रपट पाहिल्यावर कळलं, ते कामाचंही गाणं आहे.

मायकल शुल्ट्झ दिग्दर्शित हा चित्रपट १९७६चा. लॉस एंजेलिसमधलं गाड्या धुण्याचं केंद्र आणि तिथला एकच दिवस. गोष्ट म्हणावी अशी फारशी नाहीच. माणसं येतात, चिडवतात, भांडतात, फडकी पिळतात, आणि रेडिओ सतत चालू असतो. रिचर्ड प्रायरने साकारलेला श्रीमंत धर्मोपदेशक मला थोडा लांबल्यासारखा वाटतो. पण त्याच्यासोबतच्या गायिका बहिणी, पॉइंटर सिस्टर्स, गायला लागल्या की तक्रार विरून जाते.

शुल्ट्झच्या आग्रहाने संगीतकार नॉर्मन व्हिटफिल्डने बहुतेक संगीत चित्रीकरणाआधीच रचलं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा चित्रपट लावला आणि फक्त कामगारांचे हात पाहिले. किती लयीत चालतात ते! रोझ रॉइस या बँडचं हे शीर्षकगीत जानेवारी १९७७मध्ये अमेरिकेतल्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं, अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

पण माझ्या मनात राहतो तो शेवट. नुकताच कामावरून काढलेला अब्दुल्ला बंदूक घेऊन रात्री परत येतो. त्याचा सहकारी लॉनी ओरडत नाही, त्याला जवळ घेतो. दोघेही रडतात.