सहावा प्रश्न

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्याचं स्पॅनिश पाच प्रश्नांवर चालतं. कुठून आलात? कुठे चाललात? किती दिवस झाले? एकटेच? आणि शेवटी, सायकलच्या नळीवर हात फिरवत, केवढ्याला पडली? मेक्सिकोत शिरल्यापासून हे प्रश्न दिवसातून दहा वेळा होतात. उत्तरं तोंडात इतकी बसतात की समोरच्याला वाटतं, गडी भाषा जाणतो. मग तो सहावा प्रश्न विचारतो आणि गडी नुसताच हसतो.

उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडे निघालेले कितीतरी सायकलवाले ग्वातेमालात पोचले की महिनाभर सायकल भिंतीला टेकवतात, ती या हसण्याचा कंटाळा आल्यावर. एक शिक्षक, एक विद्यार्थी, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि राहायला-जेवायला गावातलंच एखादं घर, अशी तिथल्या स्पॅनिश शाळांची पद्धत आहे. अँतिग्वा गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुंदर आहे, पण पर्यटकांनी इतकं भरलेलं की कॉफी मागायला तोंड उघडावं तर उत्तर इंग्रजीत येतं. शिकायचंच असेल तर केत्साल्तेनांगो बरं. स्थानिक लोक त्याला ‘शेला’ म्हणतात. उंची सुमारे २,३३० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या, त्यामुळे सायकलच्या पिशवीत तळाला गेलेली स्लीपिंग बॅग घरातही अंगावर येते.

किती आठवडे थांबावं? एका आठवड्यात फक्त आपल्याला काय येत नाही तेवढं कळतं. चार आठवडे बेताचे. त्याहून जास्त थांबणाऱ्याने मुक्कामाचं गणित आधी मांडावं: ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंदुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून साधारण ९० दिवसच मिळतात. प्रत्येकी नव्वद नव्हे. शेलात साठ दिवस क्रियापदं चालवली तर उरलेले देश तीस दिवसांत उरकावे लागतात. तासांचंही तसंच. बऱ्याच शाळा रोज पाच तास देतात, पण चौथ्या तासानंतर डोक्यातून धूर निघतो आणि पाचवा तास बहुधा शिक्षकाशी इंग्रजी गप्पांत जातो. चारच घ्यावेत.

घर ठरवताना एकच गोष्ट अडून मागावी: घरात दुसरा परदेशी विद्यार्थी नको. तो असला की जेवणाच्या टेबलावर इंग्रजी येऊन बसते आणि मग उठत नाही. बाकी व्यवस्था आपल्या मेससारखीच. आठवड्याचे पैसे आगाऊ, तीन वेळचं जेवण, आणि रविवारी बहुतेक घरांत चूल बंद. सायकलवाल्याची भूक मात्र सायकलबरोबर थांबत नाही. पाय थांबल्यावरही दोन-तीन आठवडे पोट दिवसाला ऐंशी किलोमीटरच्याच हिशोबात असतं. रात्रीचं जेवण साधं: काळ्या घेवड्याचा लगदा, अंडं, तळलेलं राजेळी केळं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया. बाई तीन वाढून थांबतात आणि याला नऊ हव्या असतात. घराला मिळणारे पैसे ठरलेले असतात, त्यामुळे बाजारातून केळी आणि पाव आणून खोलीत ठेवणं शहाणपणाचं. तोर्तिया आपल्या भाकरीसारखी हातावर थापलेली, पण तळहाताएवढी आणि जाडसर. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्यामुळे पीठ चिकट होतं आणि कडा चिरत नाहीत. ज्वारीची भाकरी थापताना घाम गाळलेल्या माणसाला हे बघून थोडा हेवाच वाटेल.

घरातली सगळ्यात मोठी चूक मात्र जेवणात होत नाही, पिलावर होते. पिला म्हणजे अंगणातला सिमेंटचा हौद. मध्ये पाण्याची खोल टाकी, दोन्ही बाजूंना घासण्या-धुण्याच्या उथळ मोऱ्या, एक भांड्यांची आणि एक कपड्यांची. मधल्या टाकीत हात घालायचा नाही, भांडं बुचकळायचं नाही, साबणाचा थेंबही पडू द्यायचा नाही. नळाला पाणी दिवसभर नसतं, त्यामुळे घराचं सगळं पाणी तिथे साठलेलं असतं. प्लास्टिकच्या वाडग्याने पाणी घ्यायचं आणि बाजूला ओतायचं. तांब्याने हौदातलं पाणी घेऊन बाजूला हात धुणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण साखळीच्या काळ्या तेलाचे हात घेऊन पिलाकडे निघालेला सायकलवाला दिसला की घरातली सगळ्यात म्हातारी बाई कुठूनही उगवते. तिच्या तोंडून पहिली खरी आज्ञार्थी क्रियापदं ऐकायला मिळतात, आणि ती पुन्हा विसरत नाहीत. साखळी धुवायची तर बादली मागून घ्यावी आणि घाण पाणी कुठे ओतायचं तेही विचारावं. तेवढ्यात चार नवे शब्द होतात.

न्हाणीघरात नळाच्या तोंडावरच विजेचा हीटर असतो. तोटी पूर्ण सोडली की पाणी थंड, धार बारीक केली की गरम. ओल्या हाताने त्या डब्याला स्पर्श करायचा नाही, एवढं एक लक्षात ठेवलं की पुरे.

आता भाषेचं. पुस्तकं बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असल्याने ती नको तिथे घाबरवतात. ‘मे गुस्तान लोस फ्रिहोलेस’ या वाक्यावर आख्खा धडा असतो, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत हे सरळ ‘मला घेवडे आवडतात’: क्रियापद घेवड्यांबरोबर चालतं, माणसाबरोबर नाही. हातातून पेला निसटला तर स्पॅनिश म्हणतं ‘से मे काइयो’. आपणही ‘माझ्या हातून पडला’ म्हणून अपराध अर्धा करतोच. टायर पंक्चर झालं तरी तसंच. भूतकाळाचे दोन प्रकार म्हणजे ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांतला फरक, तो आपल्याकडे आजीच्या गोष्टींपासून पक्का आहे. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून. ‘मेसा’ म्हणजे मेज, ‘पान’ म्हणजे पाव, आणि ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. आपल्या पगाराचं मूळ पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश बहिणी.

मराठी माणूस अडतो तो आघातावर. आपण बोलतो ते सपाट, सगळी अक्षरं साधारण एका जोराने. स्पॅनिशमध्ये ‘पेदालेओ’ हा शब्द ‘ले’वर जोर देऊन म्हटला तर ‘मी पॅडल मारतो’, शेवटच्या ‘ओ’वर जोर दिला तर ‘त्याने पॅडल मारलं’. सपाट म्हटलं की समोरचा विचारतो, कोणी? ‘पापा’चंही तेच: बटाटा की बाप, हे जोरावर ठरतं. दुसरी अडचण ‘र’ची. साधा ‘र’ आपलाच, पण दुहेरी ‘र’ला जीभ टाळूवर तीन-चार वेळा थरथरायला हवी. ‘कारो’ महाग, ‘कार्रो’ गाडी. चढावर पॅडल मारताना हा सराव एकट्याने करावा, श्वासही मोजला जातो. आणि रस्ता विचारताना ‘देरेचो’ म्हणजे सरळ, ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे. एका स्वराने वीस किलोमीटरचा फटका बसू शकतो.

शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावं की मला सायकलचं बोलायचं आहे. साखळी ‘कादेना’, ब्रेक ‘फ्रेनो’, आरा ‘रायो’, टायर ‘यांता’. ग्वातेमालात पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानावर ‘पिंचासो’ लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा जुन्या टायरवरच रंगवून. हे पाठ करून पुढे गेलं की कोलोंबियात तेच दुकान ‘मोंतायांतास’ होतं आणि अर्जेंटिनात ‘गोमेरिया’. गतिरोधक मेक्सिकोत ‘तोपे’, ग्वातेमालात ‘तुमुलो’. तो शब्द उतारावर कळला नाही तरी हाडांना कळतो.

महिनाभर उभ्या सायकलचंही बघावं लागतं. साखळी आधी पुसून मग तेल, धुळीवर तेल घातलं तर साखळी झिजवणारा खरखरीत लगदा होतो. ट्यूबमधली हवा आपोआप उतरते, म्हणून आठवड्याला पंप मारावा, नाहीतर वजनाखाली टायरच्या कडेला घडी पडते. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सायकल दिवसेंदिवस उलटी ठेवू नये, नळीत हवा शिरते. तंबू वाळवल्याशिवाय गुंडाळू नये, आतला थर चिकट होऊन कुबट वास धरतो आणि मग तो वास पार दक्षिण टोकाच्या पातागोनियापर्यंत सोबत येतो. आणि पायांना गंज नको म्हणून आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या आल्मोलोंगाच्या भाजीच्या मळ्यांतून सुनिल गावापर्यंत जाऊन यावं. त्याच्या वर फुएन्तेस हेओर्हिनासची गरम पाण्याची कुंडं आहेत. चढ दमछाक करणारा, पण वर पोचल्यावर पाय पाण्यात.

ते पाच प्रश्न घरात पहिल्या रात्रीच संपतात. दुसऱ्या रात्री टेबलावर कोणी काही विचारत नाही. दूधवाल्याने दर वाढवल्याचं, पोराने वही हरवल्याचं बोलणं चाललेलं असतं, आणि त्यात घुसायचं कसं हे कुठल्याच धड्यात नसतं. पहिला आठवडा नुसता ऐकण्यात जातो. एक वाक्य मात्र लगेच जमतं. जेवून उठताना ‘मुचास ग्रासियास’ म्हणायचं, आणि उरलेले सगळे एकामागून एक म्हणतात, ‘बुएन प्रोवेचो’. आपण पंगतीतून आधी उठताना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, इथे उठणाऱ्याला तसं काहीतरी मिळतं. न म्हणता उठलात तर पोरं आईकडे बघतात.