भुऱ्याची वही: दत्तक बोक्याच्या तब्येतीच्या नोंदी

भुऱ्या घरी आला तेव्हा त्याच्यासोबतच्या कागदावर एवढंच होतं: वय अंदाजे दोन वर्षं, नसबंदी झालेली, लसीचा पहिला डोस दिलेला, जंताचं औषध एकदा पाजलेलं. त्याआधी तो कुठे वाढला, काय खात होता, कधी आजारी पडला होता का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दत्तक मांजराच्या काळजीचं मूळ मला इथेच दिसतं. पिल्लापासून हाताखाली वाढलेल्या मांजराचं वागणं घरच्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, जरा काही वेगळं झालं की ध्यानात येतं. इथे पाटी कोरी. शिंकला तर ही नेहमीची शिंक की आजाराची? दिवसभर झोपला तर हा स्वभाव की अशक्तपणा? त्यात माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच मांजर.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही केली. तिच्यातल्या कामाच्या नोंदी, आणि त्यावरून काय कळत गेलं ते, पहिल्यांदाच मांजर आणलेल्या सगळ्यांसाठी मांडतेय.

लपणं आणि न खाणं

आल्याआल्या तो पलंगाखाली शिरला तो बाहेर यायलाच तयार नव्हता. लपण्याची मला धास्ती वाटली नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता: ज्यांना लपायला खोकं मिळालं ती मांजरं बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली. मीही एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून पलंगाखाली सरकवलं आणि त्याला कुणीही ओढून काढायचं नाही, असं घरात बजावून ठेवलं.

खाण्याचं मात्र तसं नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी भराभर यकृताकडे येते आणि मांजराच्या यकृताला तेवढी झेपत नाही. ती तिथेच साचते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तरी हे सुरू होऊ शकतं, आणि गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. त्यामुळे ‘रुसलंय, भूक लागली की खाईल’ हा सल्ला मांजराच्या बाबतीत मानू नये, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

मी वाटी ठेवताना आणि सकाळी उचलताना तिचं वजन करायचे. पहिल्या रात्री वाटी जशीच्या तशी. दुसऱ्या रात्री ओलं खाणं किंचित कोमट करून ठेवलं, कारण मांजर वासावर खातं आणि गार खाण्याला वास कमी येतो. सकाळी वाटी १८ ग्रॅमनी हलकी होती आणि कडेला चाटल्याच्या रेघा होत्या. १८ ग्रॅमने पोट भरत नाही, पण जिवात जीव आला.

श्वास मोजणं

आतापर्यंत शिकलेल्या गोष्टींत ही सगळ्यात उपयोगी. मांजर गाढ झोपलेलं असताना त्याच्या कुशीकडे बघायचं. कूस वर जाऊन खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. निरोगी मांजराचा झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो.

पहिल्यांदा मोजले ते ३८ आले आणि मी हादरले. पुन्हा नीट बघितलं तर त्याच्या मिशा थरथरत होत्या, पुढचे पंजे मधूनच हलत होते, मिटलेल्या पापण्यांखाली डोळे फिरत होते. स्वप्न पडत असताना श्वास असाच कमीजास्त होतो. थोडा वेळ थांबले. पंजे सैल पडले, मिशा निवल्या, आणि मग मोजले तर २२. घुरघुर चालू असतानाही मोजू नये, आकडा फसवा येतो. आता भुऱ्याचे नेहमीचे २० ते २४ हे मला पाठ आहे. उद्या शांत झोपेत ३५ आले आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजूनही तेवढेच राहिले, तर डॉक्टरांना सांगायला माझ्याकडे नेमका आकडा असेल. मांजरांच्या हृदयाचे आजार बाहेरून बराच काळ काहीच दाखवत नाहीत, म्हणून हा आकडा मोलाचा.

एक गोष्ट मात्र मोजत बसायची नाही. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर थेट दवाखाना गाठायचा. कुत्र्यांमध्ये ते रोजचं असतं, मांजरांमध्ये नसतं.

शिंका आणि उजवा डोळा

जरा रुळतोय असं वाटत असतानाच शिंका सुरू झाल्या आणि उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा बहुधा हर्पिस विषाणू असावा. हा मांजरांचा वेगळा हर्पिस, माणसाला होत नाही. लहानपणी एकदा लागण झाली की बहुतेक मांजरांच्या अंगात तो जन्मभर दबून राहतो, आणि जागा बदलली, ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. नव्या घरात आलेल्या मांजराला शिंका येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. कॅलिसी नावाचा दुसरा विषाणूही असाच त्रास देतो, त्यात तोंडात फोडही येतात. म्हणून डॉक्टरांनी जीभ आणि हिरड्या मुद्दाम पाहिल्या. त्या स्वच्छ होत्या.

वहीत मी स्रावाचा रंग लिहायला लागले. पाण्यासारखा असेपर्यंत आणि खाणंपिणं नीट असेपर्यंत घरी लक्ष ठेवायचं. पिवळा-हिरवा झाला, नाक चोंदून खाणं सुटलं, किंवा डोळा बारीक करून मिटून घ्यायला लागला, तर त्याच दिवशी जायचं. मिटलेला डोळा म्हणजे दुखणारा डोळा, आणि हर्पिसमुळे बुबुळावर व्रण पडू शकतो. अशा वेळी घरातले माणसांचे थेंब घालणं फार धोक्याचं. त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण चिघळतो. हर्पिससाठी लायसीन हे अमिनो आम्ल द्यावं असं बऱ्याच जणांनी मला सुचवलं. बरीच वर्षं ते दिलंही जायचं, पण २०१५ साली त्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि उपयोग होत असल्याचा पुरावा सापडला नाही. मी ते दिलं नाही. डोळा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसत राहिले, घर शांत ठेवलं, आणि शिंका ओसरल्या.

तांदळाचे दाणे

एके दिवशी शेपटीखाली, केसांना चिकटलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा दिसला. बघता बघता तो आखडला आणि पुन्हा लांब झाला. तो पट्टकृमीचा तुकडा होता. कागदावर तर जंताचं औषध दिल्याचं लिहिलं होतं, मग हे कसं? डॉक्टरांकडून कळलं ते असं: गोल जंतांची नेहमीची औषधं बहुतेक वेळा पट्टकृमीवर चालत नाहीत, त्याला प्राझिक्वांटेल नावाचं औषध लागतं. आणि तो येतो पिसवांमधून. पिसवांच्या अळ्या कृमीची अंडी खातात, अळीची पिसू होते, मांजर अंग चाटताना ती पिसू गिळतं आणि कृमी आतड्यात पोचतो. पिसवा राहिल्या तर औषध दिलं तरी फेरा पुन्हा सुरू.

मला तर त्याच्या अंगावर एकही पिसू दिसली नव्हती. बारीक दातांची फणी पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले आणि थांबले. कणांभोवती तांबूस-लाल वलयं उमटली. साधी धूळ असती तर ती काळीच राहिली असती. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ही कागदाची परीक्षा प्रत्येकाने करून बघावी.

पिसवांचे कोष गालिच्यात, फटींत टिकून राहतात, म्हणून पिसवांच्या औषधाचे थेंब अंगावर एकदा टाकून भागत नाही. डॉक्टर सांगतील तितके महिने नेमाने टाकावे लागतात, आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवावी लागतात. इथे जीव तोडून सांगते: कुत्र्यांसाठीचं औषध मांजराला लावू नका. त्यांतल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि जीवही जातो. पॅरासिटामॉलचंही तेच. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराला विष आहे.

रक्ताची तपासणी

हा विषय थोडक्यात. बाहेर राहिलेल्या बोक्यांमध्ये मारामारी झालेली असू शकते, आणि चाव्यातून एफआयव्ही, म्हणजे मांजराची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, पसरतो. त्याच्यासोबत फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दुसऱ्या विषाणूचीही चाचणी केली. दोन्ही निगेटिव्ह आल्या. लागण अगदी ताजी असेल तर चाचणीत दिसत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. निकालाची वाट बघताना वाचलेली एक गोष्ट मला धीर देणारी होती: एफआयव्ही असलेली कितीतरी मांजरं नीट काळजी घेतली तर वर्षानुवर्षं चांगली जगतात. निकाल उलटा आला असता तरी भुऱ्या इथेच राहणार होता.

लिटरमधले गोळे

बोका पाळणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकून ती तुंबली की लघवी पूर्ण बंद होते, विषारी घटक रक्तात साठतात, पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत मांजर जातं. बाहेरून ते बद्धकोष्ठासारखं दिसतं, आणि म्हणूनच वेळ हातची निघून जाते.

गोळे होणाऱ्या लिटरचा, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूचा, फायदा हा की लघवी मोजता येते. भुऱ्याचे दिवसाला दोन ते तीन गोळे, लिंबाएवढे. एका संध्याकाळी तो ट्रेमध्ये जायचा, बसायचा, निघायचा आणि पुन्हा वळायचा. मी चाळणीने सगळं लिटर उपसलं. सकाळपासूनचे चार गोळे मिळाले, पण सगळे बोराएवढे, आणि एकावर गुलाबी छटा. काही तरी बाहेर येतंय एवढा दिलासा होता, तरी रात्र काढायची हिंमत झाली नाही. कॅरिअरमध्ये घातला आणि निघाले.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय लहान आणि मऊ होतं. तुंबलेलं असतं तर ते टणक, फुगलेलं लागतं आणि मांजर हात लावू देत नाही. तपासणीत ना खडे निघाले ना जंतुसंसर्ग. ताणामुळे मूत्राशयाला सूज आली होती, आणि तरुण मांजरांत हे पुष्कळ आढळतं. वेदनाशामक मिळालं, आणि खरा इलाज घरी करायचा होता: पाणी जास्त पोटात जाईल असं बघायचं, ट्रे एकाऐवजी दोन आणि वेगवेगळ्या जागी, खेळ रोज ठरावीक वेळी. खाण्यातलं पाणी धरून मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं. मी ओल्या खाण्याचं प्रमाण वाढवलं, आणि पाण्याचा पसरट वाडगा खाण्यापासून लांब ठेवला. गोळे पुन्हा लिंबाएवढे झाले. वहीच्या त्या पानावर मी तारखेभोवती लाल चौकट काढलीय, कारण हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

वजन आणि दुखणं

आला तेव्हा ३.४ किलो, आता ४.२. कॅरिअरसकट वजन करायचं आणि रिकाम्या कॅरिअरचं वजा करायचं. चार किलोच्या जिवात अर्धा किलो कमी होणं म्हणजे अंगाचा आठवा भाग गेला, आणि केसांमुळे डोळ्यांना ते दिसतही नाही. आता मी वजन वाढू नये म्हणूनही बघते. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागल्या पाहिजेत, टोचता कामा नयेत.

दुखणं ओळखायला माँट्रियल विद्यापीठाने २०१९ साली मांडलेली फेलाइन ग्रिमेस स्केल, म्हणजे चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टी, कामी येते. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोकं कसं धरलंय, या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखतंय असं समजून डॉक्टरांना गाठायचं. मी भुऱ्याचे अगदी मजेत असतानाचे फोटो काढून ठेवलेत. कान पुढे, मिशा सैल, डोकं खांद्यांच्या वर. शंका आली की त्यांच्याशी ताडून बघते. घुरघुर ऐकून मात्र निर्धास्त होऊ नये. मांजर दुखतानाही घुरघुरतं.

सध्या

शिंका नाहीत, जंत नाहीत, लसीचा पुढचा डोस झाला. उरले दात. वरच्या दाढांपाशी हिरडीला एक बारीक लाल रेघ आहे. डॉक्टर म्हणाले सुरुवात आहे, ब्रशची सवय लावा. मांजरांची खास पेस्ट आणलीय, माणसांची चालत नाही. बोटावरची पेस्ट तो आनंदाने चाटतो, गालावरून बोट फिरवू देतो, पण ओठ उचलायला गेलं की मान वळवून चालू लागतो. मोठ्या वयाच्या मांजराला ज्यांनी ही सवय लावलीय, त्यांनी या पायरीवर काय केलं ते सांगा. पुढच्या तपासणीपर्यंत ती रेघ वाढू द्यायची नाहीये.