ओलेव्हानो: चित्रकारांनी विकत घेतलेली राई

रोममधला चौथा दिवस, पायांची पार वाट लागलेली, बायको म्हणाली आता अजून एक चर्च दाखवलंस तर मी हॉटेलवरच बसते. मग ओलेव्हानो रोमानो ठरलं. रोमच्या पूर्वेला, डोंगरात. बस गावागावांत थांबत वळणं घेत चढते, आम्ही आपले शहाणे एक गाव आधीच उतरलो आणि पुढच्या बससाठी पाऊण तास उन्हात उभे, असो.

बघायचं होतं ते सेर्पेंतारा. गावापासून थोडं लांब, शेजारच्या बेलेग्रा गावाच्या बाजूला ओकची राई आहे. चुनखडीचे हे एवढाले धोंडे आणि त्यांच्या फटीतून वर आलेली वेडीवाकडी झाडं, बुंध्यांवर शेवाळ, खाली पाचोळा. एकोणिसाव्या शतकात जर्मन निसर्गचित्रकार इथे अक्षरशः वारी करायचे. त्यातला एक एडमुंड कानोल्ड, जन्म १८४५, वायमारच्या बाजूचा. त्याचे गुरू फ्रीडरिश प्रेलर स्वतः या झाडांखाली बसून स्केचेस करून गेलेले, त्यामुळे चेलाही रोमला आल्यावर इकडे येणारच.

तर १८७३ मध्ये ही झाडं विकून तोडायचं ठरलं, कशासाठी तर रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरसाठी! कानोल्डने धावाधाव केली, इतर चित्रकारांना गाठलं, पैसे गोळा केले आणि सगळ्यांनी मिळून राई चक्क विकत घेतली. आणि पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून जर्मन सम्राटाला भेट देऊन टाकली. आपल्याकडे देवराई देवाच्या नावावर असते, ही कैसरच्या. आज ती बर्लिनच्या कला अकादमीकडे आहे, तिथल्या व्हिला सेर्पेंतारात अजूनही कलाकार येऊन राहतात.

खरं सांगू का, कानोल्डची मोठी पेंटिंग्ज मला फारशी भिडत नाहीत. पुढे कार्ल्सरूहला स्थायिक झाल्यावरही तो एको-नार्सिसस, डिडो-एनिअस अशी ग्रीक-रोमन पुराणातली पात्रं निसर्गात आणून बसवत राहिला. मला वाटतं झाडं एकटीच पुरली असती, माणसं उगाच मध्ये येतात. पण त्या धोंड्यावर तासभर बसलो तेव्हा एवढं कळलं की हा माणूस यांच्यासाठी लोकांकडे पैसे का मागत फिरला असेल.

परत गावात येऊन चेझानेझे घेतली, इथली लाल वाईन, जेवण जेमतेम पण वाईन झकास.

गंमत म्हणजे कानोल्ड १९०४ ला गेला आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी त्याचा मुलगा अलेक्झांडर, तोही चित्रकार, याच गावात येऊन राहिला. त्याने काढलेलं ओलेव्हानो म्हणजे नुसती घरं, खोकी रचल्यासारखी, कडक, कोरडी. बापाची ती हिरवाई कुठल्या कुठे! बसस्टॉपवर उभं राहून मोबाईलवरचं त्याचं चित्र आणि समोरचं गाव ताडून बघत होतो, एक कोपरा जवळजवळ सापडला होता आणि नेमकी तेव्हाच बस वेळेवर आली.