खोडकिडा, पण कोणता?

गेल्या गणपतीत गावी गेलो तर मागच्या हापूसच्या बुंध्याशी भुसा पडलेला, ओला, रंधा मारल्यासारखा. बाबा बघून लगेच म्हणाले खोडकिडा लागलाय. चुलतभाऊ बाजारात चाललाच होता, त्याला सांगितलं खोडकिड्याचं औषध आण, तर तो भातात टाकायचं दाणेदार औषध घेऊन आला. दुकानदाराला तरी काय बोलणार, त्या दिवसांत खोडकिडा म्हटलं की भातच डोळ्यासमोर येणार ना.

भाताचा खोडकिडा म्हणजे पिवळट पतंगाची अळी, चुडात शिरते नि मधला पोंगा सुकतो. आंब्याचा म्हणजे लांब मिशांच्या भुंग्याची अळी. शास्त्रीय नावांत पहिला स्किर्पोफॅगा इन्सर्टुलास, दुसरा बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, म्हणजे लालसर ठिपक्यांचा, आणि भुंगा खरंच तसाच असतो. शेवटी आम्ही तारेचा आकडा भोकात घालून अळी ओढून काढली, बोटाएवढी जाड, पांढरट, डोकं तेवढं काळपट, मग औषधात भिजवलेला बोळा कोंबून वरून माती लिंपली.

पण म्हणून गावची नावं कच्ची असं मी कधीच म्हणणार नाही. माडावरचे दोन भुंगे घ्या. गेंड्या, त्याच्या डोक्यावर शिंग, आणि सोंड्या, त्याला सोंड. गेंड्या कोवळा पोंगा कुरतडतो, झावळ उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते, नि त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात असतात. सोंड्या त्याच जखमेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. एकाला शोधायला खड्डा उकरायचा, दुसऱ्यासाठी खोडाला कान लावायचा, आणि नाव ऐकलं की कोणता ते बाबांना लगेच कळतं.

शास्त्रीय नावंही कधीकधी चकवतात बरं का. आमच्या ओंबील मुंग्या, मावशी मालवणची म्हणून ती हुमले म्हणते, त्यांचं नाव ईकोफिला स्मॅरॅग्डिना, म्हणजे पाचूसारखी हिरवी! आमच्या काजूवर तर लालच चावतात. हिरव्या पोटाच्या ऑस्ट्रेलियात असतात, आपल्याकडे हिरवट दिसते ती त्यांची राणी. पण मावशीची आणि माझी मुंगी एकच, हे मला त्या नावामुळेच पक्कं कळलं.

ती अळी मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत स्पिरिटमध्ये ठेवलीय. बाबांनी स्वतः चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं, आंब्याचा खोडकिडा, आणि खाली मला विचारून विचारून, बॅटोसेरा. आता औषध आणायला जाताना चुलतभाऊ त्या चिकटपट्टीचा फोटो घेऊन जातो.